भिगवणला रोहित का दिसले नाहीत, आणि बदकं सगळी तपकिरी का होती

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो. नोव्हेंबरच्या मध्यात तुम्ही आणि तुमची आठवीतली मुलगी पहाटे पुण्याहून निघून भिगवणजवळ कुंभारगावला गेलात. दीड तास होडीत बसलात, गळ्यात ८×४२ ची दुर्बीण होती. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, एकही दिसला नाही. बदकं शेकड्यांनी होती, पण सगळी एकाच तपकिरी रंगाची, आणि पुस्तकातल्या चित्रांशी एकही जुळेना. आता मोठी लेन्स घ्यावी की स्पॉटिंग स्कोप (तिकाटणीवर लावायची एकनळी दुर्बीण), आणि परत कधी जावं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता एक ओळ लिहिलीत, की मुलीला काही बदकं एकमेकांच्या मागे गोल गोल फिरताना दिसली, 'खेळत असतील'. तुमच्या अख्ख्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ ती. तिच्याकडे येतोच.

पैशांचं आधी सांगून टाकतो: अजून काही घेऊ नका. तुमच्याकडची दुर्बीण या कामाला उत्तम आहे. अडचण तारखेची होती आणि त्याहून जास्त पाण्याची. मी गेली वीसेक वर्षं हिवाळ्यात उजनीच्या काठाने पक्षी मोजत फिरतो. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीसुद्धा आधी पक्षी शोधायचो. आता जागेवर पोचलो की पहिली दहा मिनिटं फक्त पाणी बघतो: काठ कुठे आला आहे, चिखल किती उघडा आहे, कुठे पाणी घोट्याएवढं आणि कुठे एकदम खोल. एवढं कळलं की कोणता पक्षी कुठे असणार हे निम्मं कळलेलं असतं.

उजनी हे धरण आहे, नैसर्गिक तळं नाही, इथून सुरुवात करू. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही गावं त्याच्या फुगवट्यावर आहेत. धरणाची साठवण साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि गंमत म्हणजे त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठा आहे. उपयुक्त साठा उरतो तो ५३-५४ टीएमसी. म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात 'उजनी वजा पातळीत' असा मथळा येतो आणि बाहेरच्या माणसाला कोडं पडतं, की शून्याच्या खाली धरण जातं कसं. शून्य टक्क्यालाही तिथे भरपूर पाणी असतं. फक्त ते कालव्यातून नेहमीसारखं सोडता येत नाही.

पक्ष्यांना या टक्केवारीशी काय घेणंदेणं? सगळंच. पाऊस बरा झालेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण काठोकाठ असतं. फुगवट्याचं पाणी थेट उसाच्या बांधाला आणि वेड्या बाभळींच्या बुंध्याला लागलेलं असतं. उथळ कड अशी उरतच नाही. रोहिताचे पाय लांब असतात, पण त्याला उभं राहून, मान खाली घालून, तळाचा चिखल चाळायचा असतो. काठावरच पुरुषभर पाणी असेल तर तो येऊन करील काय? तुम्ही गेलात तेव्हा नेमकं हेच होतं. पुढे रब्बीची आवर्तनं सुटतात, नदीतून सोलापूरकडे पाणी जातं, काठ रोज थोडा थोडा मागे सरकतो आणि मधली सपाट, गाळाची जमीन उघडी पडायला लागते. शेतकरी त्या ओलीवर गाळपेर करतात, हरभरा किंवा गहू टाकतात. त्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, जो चकचकीत चिखलाचा पट्टा राहतो तो पक्ष्यांचा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत हा पट्टा सहसा सगळ्यात चांगला असतो.

'सहसा' हा शब्द मुद्दाम वापरला. २०२३ चा पाऊस कमी पडला, धरण भरलंच नाही, आणि त्या हिवाळ्यात काठ फार लवकर उघडे पडले. उलट परतीचा पाऊस लांबला की फेब्रुवारी उजाडला तरी चिखल दिसत नाही. त्यामुळे 'अमुक तारखेला जा, रोहित दिसतील' असं जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा निघायच्या आठवड्यात उजनीची टक्केवारी बघा. ती रोजच्या पेपरात असते, कारण अर्ध्या सोलापूर जिल्ह्याचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. आकडा शंभराच्या पुढे असेल तर रोहितांची आशा थोडी ठेवा. खाली उतरू लागला की बेत करा. आणि मग गावातल्या होडीवाल्याला फोन करून 'रोहित आले का?' असं विचारू नका. पाहुणा हातचा जाऊ नये म्हणून तो 'आहेत की, या' म्हणणारच. 'चिखल कुठवर उघडा पडलाय?' असं विचारा. याचं उत्तर तो अगदी खरं देईल, कारण त्याची जाळी त्याच पाण्यात असतात.

आता पाणी वाचायचं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

काठावर उभे राहा आणि कोरड्या जमिनीपासून आत आत नजर न्या. अगदी कोरड्या ढेकळांवर टिटवी आणि धोबी. धोब्याची शेपटी सारखी वरखाली होते, तो लांबूनही ओळखू येतो. पुढे ओला, पण पाणी नसलेला चिखल. इथे चिखले आणि छोटे तुतवार पळताना दिसतात. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवार मात्र न थांबता चोच खुपसत, टोचत पुढे जातो. चिखल्या डोळ्यांनी शोधतो, तर बऱ्याच तुतवारांची चोच चाचपडत शोधते, म्हणून चालीत हा फरक. रंग दिसायच्या आधी तुम्हाला घराणं कळलं की नाही?

पुढे बोटभर ते वीतभर पाणी. इथे शेकाट्या, गुलाबी काटक्यांवर उभा असल्यासारखा काळा-पांढरा पक्षी, आणि गॉडविटसारखे लांब चोचीचे पाहुणे. पाणी वाढत जाईल तसे पाय लांब होत जातात, हा साधा हिशेब. त्याच पट्ट्यात दर्वीमुख, म्हणजे चमच्या, अर्धी उघडी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो. चित्रबलाकही अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवी फिरवतो. मासा चोचीला लागला की ती मिटते. राखी बगळा यातलं काहीच करत नाही, तो नुसता उभा. भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. गेलात तर लांबूनच बघा, झाडाखाली जाऊ नका.

गुडघाभर पाण्यात रोहित. ते कसे खातात हे कळायला पक्षीच समोर लागतो असं नाही. मी ते पहिल्यांदा समजलो एका रिकाम्या काठावर. पाणी नुकतंच मागे गेलं होतं आणि ओल्या गाळात परातीएवढे, काही त्याहून मोठे, गोल गोल चर उमटले होते. प्रत्येकाच्या मधोमध चिखलाचा उंचवटा. मला वाटलं म्हशी बसल्या असतील. सोबतचा मासेमार हसला आणि म्हणाला, 'रोहितानं तुडवलंय.' रोहित चोच एका जागी उलटी रोवतो आणि तिच्याभोवती पाय आपटत फिरतो. तळचा गाळ ढवळला जातो, त्यातले किडे, अळ्या वर येतात आणि चोच त्यांना गाळून घेते. पाणी हटलं की मागे उरतो तो गोल. पुढे असे गोल दिसले की मी लिहून ठेवू लागलो. पक्षी आज दिसला नाही तरी काल इथे होता, एवढं तरी कळतं.

आणि त्याही पुढे, जिथे कुणाचेच पाय टेकत नाहीत, तिथे पोहणारे. तुमचा सगळा गोंधळ इथे झाला, म्हणून इथे जरा थांबू.

पोहणाऱ्यांतले निम्मे बदक नसतातच. सगळ्यात मोठी गर्दी बहुतेक वेळा चांदव्यांची, ज्यांना वारकरी असंही म्हणतात. काळाभोर गोलसर पक्षी, पांढरी चोच, आणि कपाळावर पांढरा टिळा. हेच पाणी पुढे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा होतं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही कुणास ठाऊक, पण मला ते फार जागच्या जागी वाटतं. होडी जवळ आली की चांदवा चटकन उडत नाही, पाण्यावर पाय आपटत धावत सुटतो. टिबुकली तर त्याहून लहान, आणि उडण्याऐवजी बुडी मारून गायब. हे दोन बाजूला काढले की उरतील ती बदकं, आणि ती तुम्हाला वाटली त्यापेक्षा बरीच कमी असतील.

ती सगळी तपकिरी का दिसली? याचं कारण पुस्तकात कुठेतरी बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक बदकांचे नर वीण आटोपली की आपले झगमगीत कपडे उतरवतात. तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी ते पंखांची मोठी पिसं एकदम गाळतात, काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा दिवसांत लाल-हिरवा रंग मिरवणं जिवावर बेतणारं. म्हणून ते मादीसारखा मळखाऊ वेश घेतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोचतात तेव्हा पुष्कळ नर अजून त्याच वेशात असतात. पुस्तकातलं चित्र मात्र लग्नातल्या नवरदेवाचं! तलवार बदकाचे नर डिसेंबरात बऱ्यापैकी नटलेले दिसतात. थापट्या बदकाला आणखी वेळ लागतो. भिवई बदकाचा नर आपल्याकडे सगळ्यात आधी येणाऱ्यांत, पण त्याची ती पांढरी भिवई पुष्कळदा फेब्रुवारी उजाडल्यावरच स्पष्ट होते. तेव्हा नोव्हेंबरात तुम्हाला सगळी तपकिरी दिसली, यात तुमच्या नजरेचा दोष नाही. ती तपकिरीच होती.

मग त्या दिवसांत ओळखायचं कशावरून? रंग सोडून द्या. चोच, बसण्याची ढब आणि खाण्याची तऱ्हा बघा.

इथे तुमच्या मुलीकडे येतो. तिने पाहिली ती बदकं खेळत नव्हती, जेवत होती. थापट्याची चोच लांब आणि टोकाला फावड्यासारखी रुंद असते, कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. तो पाणी आत घेतो, कडेने सोडून देतो आणि त्यातलं बारीकसारीक अडवून ठेवतो. एकट्याने केलं तर थोडं मिळतं. पण दहा-पंधरा जण चोची पाण्याला टेकवून एकामागे एक गोल फिरू लागले की पायांनी पाणी घुसळलं जातं, खालचं अन्न वर येतं आणि पुढच्याने ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं. इतक्या नेमाने आणि इतका वेळ घाण्याच्या बैलासारखं फिरणारं बदक आपल्याकडे जवळपास हेच. म्हणजे तुम्ही पुस्तकाची पानं उलटत होतात तेव्हा मुलीने रंगाशिवाय, नावाशिवाय, एक पक्षी ओळखून टाकला होता. तिला नाव तेवढं सांगा.

अशाच आणखी काही खुणा. पाण्यावर बसलेल्या बदकाची शेपूट बघा. शेपूट वर उचललेली असेल तर ते वरवर खाणारं: थापट्या, तलवार, चक्रांग, भिवई, हळदी-कुंकू. शेपूट पाण्याला टेकलेली, अंग बसकं असेल तर बुडी मारणारं: लालसरी, शेंडी बदक. उडताना वरवर खाणारी बदकं जागेवरून सरळ वर झेपावतात. बुडी मारणाऱ्यांना पाण्यावर धाव घ्यावी लागते. वरवर खाणाऱ्यांतही तलवार बदकाची मान लांब, त्यामुळे शेपूट आकाशाकडे करून ते चक्रांगापेक्षा खोल पाण्यातलं काढू शकतं. दोघं शेजारी शेजारी शीर्षासन करताना दिसले की फरक आपोआप कळतो. उडाल्यावर पंखावरचा चकाकता पट्टा बघा. नर मळक्या वेशात असला तरी पंखावरची नक्षी बदलत नाही. चक्रांगाचा हिरवा पट्टा नोव्हेंबरात तितकाच हिरवा असतो.

आणि चांदव्यांच्या घोळक्यात एखादं बदक उगाच लुडबुड करताना दिसलं तर त्याच्याकडे नीट बघा. ते बहुधा गडवाल किंवा तरंग असतं. चांदवा बुडी मारून तळचं शेवाळ, पाणवनस्पती वर आणतो. या दोघांना खोल बुडी जमत नाही, म्हणून ते शेजारी टपून बसतात आणि चांदवा वर आला की त्याच्या चोचीतलं ओढून घेतात. एकदा मी अर्धा तास एकाच गडवालाची ही दांडगाई बघत बसलो होतो. त्या दिवशीच्या मोजणीत माझा भाग अपुरा राहिला, आणि बोलणीही बसली.

शिकायला सुरुवात हळदी-कुंकू बदकापासून करा. ते इथलंच, बारमाही. नर-मादी सारखे, बाराही महिने एकाच कपड्यात. काळी चोच, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. एकदा हे डोळ्यात बसलं की बाकीच्यांना त्याच्याशी मापायचं: याच्यापेक्षा लहान? याच्यापेक्षा लांब मान? चक्रांग याच्यापुढे अगदी छोटंसं दिसतं. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, याच्याहून मोठा, आणि पाण्यापेक्षा काठाच्या हिरव्यावर चरताना जास्त सापडतो. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेला पक्षी गाळपेरीच्या हरभऱ्यात बसलेला बघून शेतकऱ्याला काय वाटत असेल, ते तुम्ही त्यालाच विचारा. मी विचारलंय, उत्तर इथे छापण्यासारखं नाही. त्यांच्यातल्या एखाद्याच्या मानेत किंवा पायात रंगीत पट्टा-कडं दिसलं तर त्यावरची अक्षरं आणि आकडे टिपून घ्या. पक्षी कुठून आला ते त्यावरून कळू शकतं.

आता होडी. होडीबद्दल माझं मत कडक आहे आणि ते स्वतःच्याच चुकीतून आलंय. पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. जानेवारीतली पाणपक्षी गणना होती. आशियाभर १९८७ पासून दर जानेवारीत ही मोजणी होते. आम्ही दोन तुकड्या केल्या, एक भिगवणच्या काठाने, दुसरी पलीकडे करमाळ्याच्या. माझ्यासमोर रोहितांचा मोठा थवा होता. पायांचे रंग नीट दिसावेत म्हणून मी होडीवाल्याला म्हटलं, 'आणखी थोडं पुढे घ्या.' तो म्हणाला, 'साहेब, उठतील.' मी म्हटलं, 'नाही उठत.' उठले. सगळेच्या सगळे उडाले आणि पलीकडे जाऊन बसले, आणि तिथल्या तुकडीने तेच पक्षी मन लावून मोजले. संध्याकाळी आकडे जुळवताना दोन्हीकडचे रोहित खोडून टाकावे लागले. मोजणी गेली ती गेलीच, पण पक्ष्यांनी सकाळचं खाणं सोडून उडण्यात जी शक्ती घालवली तीही माझ्यामुळे.

त्या दिवसानंतर मी पक्ष्यांच्या माना बघायला शिकलो. माना खाली, खाणं चालू: आपण ठीक अंतरावर आहोत. दोन-चार माना वर आल्या: इथेच थांबा. सगळ्या माना एकदम वर, आणि थवा एका दिशेने चालू लागला: आपण आधीच जास्त पुढे आलोय, मागे फिरा. यानंतरची पायरी उडण्याची. हे मुलीला नक्की दाखवा, तिला तुमच्याआधी जमेल. आणि होडीवाल्याला निघतानाच सांगा की आम्हाला उडालेले नकोत, खाताना बघायचेत, आणि लांबूनच इंजिन बंद करून वल्ह्यावर घ्या. ही माणसं पाण्यात वाढलेली आहेत, आपल्या दसपट त्यांना कळतं. पण आधीचा पाहुणा 'उडवा ना जरा, फोटो काढायचाय' म्हणून जास्तीचे पैसे देऊन गेलेला असतो. तुम्ही न उडवण्याबद्दल जास्तीचे द्या. हिशेब त्यांनाही कळतो.

होडीवरूनच तुमच्या खरेदीच्या प्रश्नाकडे येतो. स्कोप किमान वीस पटींनी मोठं दाखवतो आणि होडीचं डोलणंही वीस पटींनी मोठं करतो. होडीत तो निव्वळ ओझं. तो लागतो काठावर, तिकाटणीवर, जेव्हा चिखल रुंद असतो आणि पक्षी लांबवर असतात. तिथेही दहानंतर ऊन तापलं की चिखलावरून वाफा उठल्यासारखं सगळं थरथरू लागतं. मग साठ पटींवर तुम्हाला साठ पटींची थरथर दिसते. तुम्ही वर्षातून दोनदा आणि होडीनेच जाणार असाल तर स्कोपचे पैसे वाया. मुलीची गोडी टिकली, काठाने चालत बघायची सवय लागली, तर दोन हिवाळ्यांनंतर घ्या. आणि घेताना दुकानात नाही, आधी कुणाच्या तरी स्कोपमधून काठावर बघून घ्या.

लेन्सचं तुमच्यावर सोपवतो. फोटोचीच हौस असेल तर जरूर. ओळखण्यासाठी म्हणून नको. कारण कॅमेरा हातात आला की माणूस एका पक्ष्याची चाळीस छायाचित्रं काढतो आणि तो काय करत होता हे बघतच नाही. गोल फिरणारे थापटे छायाचित्रात नुसते दहा तपकिरी पक्षी दिसतात.

फुकटात मिळणारी सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे ऊन पाठीशी घेणं. समोरून ऊन असेल तर महागडी काचसुद्धा काळी सावलीच दाखवते, आणि मग सगळी बदकं सारखीच. भिगवणची बाजू म्हणजे भीमेचा उजवा काठ. तिथून पाण्याकडे तोंड केलं की ढोबळमानाने ईशान्य समोर येते. सकाळचा सूर्य बऱ्याच जागांवरून उजवीकडून, काही ठिकाणी थेट डोळ्यांवर येतो, दुपारनंतर मागे जातो. फुगवट्याला इतक्या खाचाखोचा आहेत की हा नियम प्रत्येक जागी लागू पडेलच असं नाही. तरी सगळे पहाटेच धावतात म्हणून दुपारचे साडेतीन ते सूर्यास्त ही वेळ मोकळी सापडते, आणि मला तीच जास्त आवडते.

तेव्हा पुढच्या फेरीचा बेत मी असा करीन. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, टक्केवारी उतरलेली बघून. सकाळी होडीऐवजी काठ. एकाच जागी बसकण मारायची, दोन तास हलायचं नाही. सोबत वही. वहीत पक्ष्याचं नाव शेवटी लिहायचं. आधी पाणी किती, पक्षी काय करतोय, चोच कशी, एकटा की घोळक्यात. मुलीला चित्र काढू द्या, वेडंवाकडं चालेल. मग दुपारी गावात भाकरी आणि चिलापी. मासा चांगला असतो, तिखट सोसत असेल तरच रस्सा मागा. साडेतीननंतर होडी, तासभर पुरे. पाणी खूपच उतरलं असेल तर पळसदेवच्या बाजूला जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर आलेलं दिसतं. तेही बघून या. एरवी फुगवट्याखाली असलेल्या दगडावर खंड्या बसलेला असतो.

मोजायची हौस आली तर एक युक्ती. हजाराचा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा. तसे दहा तुकडे कल्पून शंभर करा. मग शंभराचं माप थव्यावरून सरकवत न्या. पहिल्यांदा आकडा बहुधा कमीच येतो. लांबून बघताना मागचे पक्षी पुढच्यांमागे झाकले जातात. चांदव्यांवर सराव करा, ते फार हलत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जावं का, हेही विचारलंत. जरूर जा, पण हिशेब वेगळा ठेवा. तो गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा आहे, उथळ, गाळाने भरलेला, लव्हाळ्या आणि बेटं असलेला. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. तिथे नोव्हेंबरातही उथळ पाणी सापडतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत मी नवख्यांना तिकडेच पाठवतो. बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी मनोऱ्यावरून आरामात दिसतात, होडीची गरजच नाही. मात्र वरच्या धरणांतून खाली पाणी सोडलं की तिथलीही पातळी एका रात्रीत बदलते. काल भरलेली जागा आज रिकामी असू शकते. तसं झालं तर वैतागू नका, बंधाऱ्याच्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ कुठवर आहे ते बघा आणि त्या हिशेबाने कड शोधत पुढे चला.

आणि मुलीला विचारून कळवा: ती गोल फिरणारी बदकं डावीकडून फिरत होती की उजवीकडून? मी कधी लिहून ठेवलं नाही, आता ठेवणार आहे.